दोन ठोके म्हणजे पकडलंय

सोमवार, ७ ऑक्टोबर
सकाळी

प्रिय खारू,

अनेक आशीर्वाद. मी इकडे ठीक आहे. तुम्ही दोघंही ठीक असाल, औषधांच्या दुकानात उभं राहून तुझे पाय दुखत नसतील आणि जावईबुवा वेळेवर जेवत असतील असं धरून चालतो.

बातमी तुला कळलीच असेल. रेडिओवर सकाळपासून एकच बाई एकच वाक्य वाचते आहे. चक्रीवादळ बुधवारी रात्री किंवा गुरुवारी पहाटे किनाऱ्यावर धडकण्याची शक्यता आहे. ‘शक्यता’ हा शब्द ती इतक्या मऊ आवाजात म्हणते, जणू पाहुणे जेवायला थांबण्याची शक्यता आहे. माणसांना उठवायचं असेल तर असं बोलून चालतं का? तो माइक माझ्या हातात असता तर एव्हाना निम्मं गाव टेकडीवर पोचलं असतं. असो.

घराची तयारी चालू आहे. छपरावरची अँटेना उतरवली. मागच्या अंगणातल्या झाडाच्या घराकडे झुकलेल्या फांद्या तोडल्या. पाण्याचं पिंप, बादल्या, मोठी पातेली, इतकंच काय, तुझ्या आईची ती कधीच न वापरलेली पितळी घागरसुद्धा भरून ठेवली. कागदपत्रं मेणकापडात गुंडाळून माळ्यावर टाकली. काडेपेट्या बिस्किटांच्या डब्यात. आईचे फोटो भिंतीवरून काढले आणि माझ्या सदऱ्यांच्या घडीत ठेवले. भिंतीवर त्यांच्या जागी स्वच्छ चौकोन उरलेत, ते बघवत नाहीत.

आता फळ्या. माळ्यावरून सगळ्या उतरवल्या. तुला आठवतं का, प्रत्येक खिडकीची फळी वेगळी आणि आईने प्रत्येकीवर रंगाचा ठिपका दिला होता? समुद्राकडची लाल, ती सगळ्यात आधी. तुझ्या खोलीची निळी. निळ्या फळीला आतून अजून ते दोन कातडी पट्टे आहेत, तुझ्या पहिल्या दप्तराचे कापून ठोकलेले. तू आत स्टुलावर उभी राहून त्या पट्ट्यांमध्ये हात घालून फळी चौकटीला ओढून धरायचीस आणि मी बाहेर शिडीवर. वारा एवढा, की बापाचं लेकीला ऐकू येत नाही. म्हणून ठोके. एक ठोका म्हणजे थांब. दोन ठोके म्हणजे पकडलंय, ठोका. तीन म्हणजे काहीतरी बिनसलंय, आत या. आणि तुझे दोन्ही हात पट्ट्यात अडकलेले, म्हणून तू कपाळाने ठोके द्यायचीस. मागून आई ओरडायची, “अगं टेंगूळ येईल! पोरीला बोकड केलंय या माणसाने!”

यंदा आत ड्रायव्हर होता. आपल्या समोरच्या अण्णांचा मुलगा, दवाखान्याची बस चालवतो तो. मनाने सोन्यासारखा, पण ठोक्यांची भाषा त्याच्या डोक्यात शिरत नाही. पाटीवर नीट लिहून दाखवलं, त्याने मान हलवली आणि आत गेला. मी बाहेरून एक ठोका दिला, म्हणजे थांब. तर त्याने फळी सोडूनच दिली. ती माझ्या खांद्यावरून खाली. वर खिडकीतून डोकं काढून मलाच विचारतो, “काका, दार वाजवताय की फळी? दार असेल तर उघडंच आहे, या आत.” त्या पट्ट्यात त्याची फक्त दोन-दोन बोटं जातात. तुझे हात किती लहान होते गं.

तरी झालं. चारही खिडक्या बंद. घरात दिवसा दिवा लावावा लागतो. चहा मी आता गार करूनच पितो, म्हणून कप घेऊन या अंधारात बराच वेळ बसून राहतो. एक गोष्ट चमत्कारिक वाटली. वादळाच्या आधी समुद्राचा जो खारट, कुजका वास गल्लीत भरतो आणि आई ज्याला ‘आला मेला’ म्हणायची, तो यंदा मला आला नाही. बाकी सगळे म्हणतात, येतोय.

माझी काळजी करू नकोस. बुधवारी दुपारी नेहमीसारखा शाळेच्या हॉलमध्ये जाईन. सगळी गल्ली तिथेच असते.

फोनबद्दल. घंटा वाजते ती मला ऐकू येते. काल वाजली, परवा वाजली, त्याआधीही. तुझीच असते हे मला ठाऊक आहे, कारण तुझ्याइतका वेळ कोणी वाजू देत नाही. मी उचलला नाही. त्याबद्दल आज एवढंच म्हणतो की राग हे कारण नाही.

खिळे संपत आलेत. दुकान बंद व्हायच्या आत आणायला हवेत. जावईबुवांना आशीर्वाद सांग.

तुझा
बाबा


बुधवार, ९ ऑक्टोबर
सकाळी

खारू,

वरचं पत्र टाकायला मी सोमवारी दुपारीच गेलो होतो. पोस्टाच्या दारालाच फळ्या ठोकलेल्या. परत आलो. काल ते पुन्हा वाचलं आणि फाडायला घेतलं. मग फाडलं नाही. तुला दोन्ही पत्रं एकत्र मिळू देत. आधी ते वाचलं असशील, आता हे वाच, म्हणजे बापाने ते किती सफाईने लिहिलं होतं हे तुझ्या ध्यानात येईल. त्यात एक वाक्य साफ खोटं आहे आणि एक गोष्ट मी टाळली आहे.

खोटं वाक्य हॉलचं. मी हॉलमध्ये जाणार नव्हतो.

काल वहिनी आली होती, ड्रायव्हरची बायको. शिवणकामातून उरलेल्या पडद्यांच्या कापडाच्या तिने वाळूच्या पिशव्या शिवल्या आहेत. आपल्या उंबऱ्याशी आता गुलाबाच्या फुलांची आणि हिरव्या पोपटांची तटबंदी आहे. समुद्र आलाच तर त्याला वाटेल, लग्नघर आहे. पिशव्या रचून झाल्यावर पदराला हात पुसत तिने विचारलं, “काका, तुमची बॅग कुठाय?”

मी पाटी वर केली. ‘भरतो.’

“हे कालही लिहिलं होतंत. तोच खडू, तेच अक्षर. पुसायचे तरी कष्ट घ्या.”

मग ती आतल्या खोलीत गेली, पलंगाखाली वाकून बघितलं आणि बाहेर येऊन उभी राहिली. कंदील भरलेला, बिस्किटांचा डबा उशाशी, दोरी, शिडी घरात घेतलेली. तिला कळायला वेळ लागला नाही.

“तुम्ही येणारच नाही आहात.”

मी पाटीवरचा शब्द पुसला.

“गळ्याला भोक आहे तुमच्या, काका! डॉक्टरांनी सांगितलंय, अंघोळीलासुद्धा जपा, एक तांब्या चुकीचा गेला तरी सरळ फुप्फुसात. आणि मागच्या वेळी इथे कंबरेएवढं पाणी होतं. काय करणार आहात? ओरडणार? का पाटी वर धरून उभे राहणार, ‘वाचवा’ लिहून?”

मला हसू आलं. माझ्या हसण्याला आता आवाज नसतो, नुसती हवा जाते.

तर खारू, जे टाळलं होतं ते हे. मला आवाज नाही.

घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. उन्हाळ्यात मी तुला कार्ड पाठवलं होतं, ‘सभांच्या दौऱ्यावर जातो आहे, महिनाभर घरी नसेन’, तो दौरा हा. श्वास आता गळ्याच्या पुढच्या भोकातून घेतो, त्यावर मलमलीचा रुमाल बांधतो. नाकातून हवाच जात नाही, म्हणून वास येत नाही. तोंडातून फुंकर निघत नाही, म्हणून चहा गार होण्याची वाट बघतो. गाठ संपूर्ण काढली आहे, डॉक्टर खूश आहेत. मी जगेन. फक्त बोलणार नाही.

मी! बंदराच्या फाटकाबाहेर रिकाम्या पिंपावर उभं राहून, कर्णा नसताना, धक्क्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत ज्याचा आवाज जायचा तो मी. तू लहानपणी विचारायचीस, बाबा, तुम्ही काय काम करता? आई म्हणायची, गोदामात पोती मोजतात आणि बाहेर आल्यावर मालकाला मोजतात.

आता विचारशील, हे माझ्यापासून का लपवलं. कारण तुला माहीत आहे. तू वाचताना हात थांबला असेल तुझा. ते वाक्य तुलाही आठवलं असेल, आणि मला ज्याची भीती वाटत होती ती हीच.

आईच्या जाण्यानंतर तू राहिली होतीस, त्यातला शेवटचा दिवस. स्वयंपाकघरात तू तिचे डबे रिकामे करत होतीस. तू म्हणालीस, “बाबा, माझ्याकडे चला. हे घर खोलगट जागेत आहे, समुद्र दरवर्षी जवळ येतोय, तुम्ही एकटे आहात.” साधं, खरं बोललीस. आणि मी काय केलं? मी उभा राहिलो. त्या एवढ्याशा खोलीत, डब्यांच्या मधोमध. ही गल्ली कोणी उभी केली, संकटात जागा सोडणाऱ्यांनी आजवर काय मिळवलं, वगैरे. मला आजही ती वाक्यं पाठ आहेत, चांगली होती. तू झाकण हातात धरून ऐकत होतीस. मग म्हणालीस, “तुमच्यासमोर एक माणूस बसला तरी तुम्हाला सभाच दिसते.” आणि दारात चपला घालताना, रडत, “एक दिवस तुमची वाचाच बंद पडो. तेव्हा तरी तुम्हाला माझं ऐकू येईल.”

पुढच्या काही महिन्यांत गाठ निघाली.

म्हणून मी सगळ्यांकडून शब्द घेतला. वहिनीला, ड्रायव्हरला, अण्णांना बजावलं, लेकीला कळवायचं नाही. तू वहिनीला फोन करायचीस, ती सांगायची, “बरे आहेत, कामात आहेत.” तिला खोटं बोलायला लावलं त्याबद्दल तिला काही म्हणू नकोस. मला वाटलं, पोरगी जन्मभर स्वतःला खाईल. मी अबोला धरलाय असं तिला वाटू दे, बाप हट्टी आहे असं वाटू दे. ती निदान माझ्यावर चिडून सुखाने झोपेल.

आता माझं ऐक. हे माझं शेवटचं भाषण समज आणि ते फक्त तुझ्यापुढे आहे.

शाप लागत नाहीत. आयुष्यभर मी हे ओरडून सांगितलं, ते माझ्याच घरात खोटं कसं ठरेल? शाप लागत असते तर ज्या मालकांना आम्ही फाटकापाशी उभं राहून, हजार-हजार तोंडांनी तळतळाट दिले, त्यातला एखादा तरी आजारी पडला असता. सगळे ठणठणीत आहेत. एक तर ऐंशीच्या पुढे गेलाय आणि रोज पोहतो. हजारांच्या शापाने जिथे साधा सर्दीखोकलाही होत नाही, त्या जगात एका रडणाऱ्या पोरीच्या वाक्याने बापाच्या घशात गाठ उगवते? तू औषधं देतेस. कोणी गिऱ्हाईक येऊन असं म्हणालं असतं तर तू त्याला काय सांगितलं असतंस?

गाठ विड्या ओढून झाली. हे मी तुझ्या समाधानासाठी म्हणत नाही. माझा घसा आई असतानाच बसायला लागला होता. ती म्हणायची, दाखवून या. मी मधाचं पाणी पिऊन सभेला जायचो. ती पुन्हा म्हणायची, मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात. तू ते वाक्य बोललीस तेव्हा गाठ माझ्या गळ्यात बसलेली होती. तुझं बोलणं तिने आतून ऐकलं असेल, इतकाच तुझा आणि तिचा संबंध.

हे पटलं असेल तर पुढे वाच. पटलं नसेल तर वरचा परिच्छेद पुन्हा वाच. मी थांबतो.

आता दुसरी बाजू, कारण बोलायचंच तर पुरतं बोलावं. तुला वाचवण्यासाठी लपवलं हे खरं, पण अर्धं खरं. उरलेलं अर्धं म्हणजे लाज. तुला माझा हा गप्प चेहरा दाखवायचा नव्हता. हॉलमध्ये न जाण्याचंही तेच कारण. तुला माहीत आहे, वादळाच्या रात्री मी तिथे काय करायचो. छप्पर हलायला लागलं, मुलं रडायला लागली की मी व्यासपीठावर चढायचो आणि उजाडेपर्यंत बोलायचो. सोमवारी वरच्या गल्लीतला बेकरीवाला पाव देऊन गेला. त्याला काही ठाऊक नाही. दारातूनच म्हणाला, “साहेब, बुधवारी येतोय हं ऐकायला! मागच्या खेपेला तुमच्या नादात बायकोने तीनदा चिमटा काढला तेव्हा कळलं, आपल्या डोक्यावरचा पत्रा गेलाय.” मी मान हलवली आणि दार लावून घेतलं. त्याच क्षणी ठरवलं, हॉलमध्ये पाय ठेवायचा नाही. एवढी माणसं माझ्या तोंडाकडे बघणार आणि मी पाटी घेऊन बसणार? त्यापेक्षा समुद्र परवडला.

वाचताना तुला राग येत असेल. येऊ दे. माणसाला पाण्याची नाही, गप्प राहण्याची जास्त भीती वाटावी, हे मला आज कागदावर लिहिताना इतकं पोरकट दिसतं आहे. पण काल दुपारपर्यंत ते मला मर्दपणाचं वाटत होतं.

वहिनी रागारागाने गेली. थोड्या वेळाने परत आली, तेव्हा तिचा आवाज बदललेला होता.

“काका, अण्णा उठत नाहीत.”

मला वाटलं, काही झालं. ती म्हणाली, “झालं काही नाही. बसलेत. म्हणतात, ‘तो जातोय का? त्याची बॅग निघाली का? नाही ना? मग मी का जाऊ? जन्मभर लोकांना चला-चला म्हणणारा माणूस घरात बसलाय, म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक आहे.’ मी सगळं सांगून पाहिलं. यांना उद्या सकाळीच दवाखान्याचे पेशंट घेऊन वर जायचंय, बस गच्च आहे. मी एकटी अण्णांना कशी उचलू? त्यांचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत.”

मी दारात गेलो. समोरच्या ओट्यावर अण्णा आरामखुर्चीत बसलेले, मांडीवर पत्त्यांचा जोड. मला बघून त्यांनी हात वर केला. हसले. खुशीत होते, खारू. ज्याच्याशी रोज दुपारी पत्त्यात भांडतो तो मित्र आपल्यासारखाच घर धरून बसलाय, आता दोघं मिळून बघून घेऊ, असं ते हसणं.



मी एक शब्द बोललो नव्हतो. बोलूच शकत नव्हतो. आणि तरी माझ्या जन्मातलं सगळ्यात परिणामकारक भाषण मी करून बसलो होतो, आणि ते एका म्हाताऱ्याला बुडवणार होतं. मला आजवर वाटायचं, लोक माझं ऐकतात. अण्णा तर कित्येक वर्षांपासून उजव्या कानाने बहिरे, आणि प्रत्येक सभेत माझ्या डावीकडे बसायचे, म्हणजे बहिरा कान माझ्याकडे! ते कधी काय ऐकत होते? ते बघत होते, मी कुठे उभा आहे.

मी आत जाऊन बॅग काढली. त्यात काय भरलं ते मला आठवत नाही. ती हातात धरून, सगळ्या गल्लीला दिसेल अशी, मी ओट्यापर्यंत गेलो आणि पाटीवर लिहिलं, ‘चला.’

अण्णांनी चष्मा वर करून वाचलं. “एकच शब्द? बरं नाहीये का तुला?”

मी बॅग त्यांच्या पायाशी ठेवली.

“अरे, पण मी सुनेला सांगितलं की तू...” मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. काठी मागितली. “जायचं तर जाऊ. पण पत्ते घेणार. आणि तू मागच्या डावात लबाडी केलीस ते मी हॉलमध्ये सगळ्यांना सांगणार आहे, तुला उत्तर देता येणार नाही.”

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली. हसायला की रडायला, मी विचारलं नाही.

तर आज दुपारी आम्ही तिघं हॉलवर जातो आहोत. हे आता खरं आहे. बॅग दारात आहे, ड्रायव्हरने ती बघितली आहे, त्याला विचार. तो पेशंट घेऊन तुझ्याच गावच्या मोठ्या दवाखान्यात येतो आहे आणि संध्याकाळी हे पाकीट तुझ्या हातात देईल. त्याला गरम जेवण घाल. आणि फळी सोडल्याबद्दल काही बोलू नकोस, मी पुरेसं लिहिलं आहे.

आता फोनचं.

एकदा मी तो उचलला होता. तुला आठवत असेल, पावसाळ्यातली गोष्ट. घंटा थांबेना, म्हणून उचलून कानाला लावला. तू म्हणालीस, “बाबा?” मग, “बाबा, बोला ना.” मी तोंड उघडलं. सवयीने. हवा गेली गळ्यातून. तू थोडं थांबलीस आणि म्हणालीस, “ठीक आहे. नका बोलू.” आणि ठेवलास.

 माझं बोट त्या वेळी टेबलावरच होतं. नुसतं दोनदा आपटलं असतं तर? तुला क्षणात कळलं असतं. पण मला सुचलंच नाही. शब्दांनी पोट भरणारा माणूस मी, शब्द गेले म्हणजे सगळं गेलं असं धरून बसलो. तू सहा-सात वर्षांची असताना मी स्वतः तुला शिकवलेली भाषा मला आठवली नाही. ती आठवली सोमवारी, शिडीवर, ड्रायव्हर आतून भलतेच ठोके देत होता तेव्हा. सगळ्या उन्हाळ्यापावसाळ्यात तू फोन करत राहिलीस आणि मी तो वाजू दिला. गाठीचं मला दुःख नाही. याचं आहे, आणि ते कोणत्याही डॉक्टरला काढता येणार नाही.

शाळेच्या ऑफिसात फोन आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलंय की तार तुटेपर्यंत लाइन चालू राहील आणि टेबलाशेजारची खुर्ची माझी. नंबर पाकिटावर मागच्या बाजूला लिहिला आहे. पत्र वाचून झालं की लाव. वारा वाढायच्या आत लाव.

उचलेन तो मीच. पलीकडून ‘हॅलो’ येणार नाही, घाबरू नकोस. दोन ठोके येतील.

मग तू बोल. पाहिजे ते बोल. चीड, भांड, मला काय काय ऐकवायचं राहिलंय ते सगळं ऐकव. तुझ्याकडे यायचं का, हेही पुन्हा विचार. त्या दिवशी मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं, नुसता बोललो होतो. मी मध्ये तोंड घालणार नाही, याची या वेळी खात्री बाळग.

आणि समजा, तुलाही बोलता आलं नाही, तर तूही दोन ठोके दे. बोटाने दे, कपाळाने नको. मला पुरतील.

ड्रायव्हर बाहेर हॉर्न वाजवतो आहे. आता पाकीट बंद करतो.

पट्टे घट्ट धरून ठेव.

तुझं ऐकायला बसलेला
बाबा